गच्चीवर पिकवलेली काटेरी काकडी

नणंदेनं डिसेंबरात मुंबईहून एक फळ आणलं. केशरी रंग, अंगभर शिंगांसारखे काटे आणि आत हिरवा बुळबुळीत गर. किवानो. मूळ आफ्रिकेतलं, कलहारीच्या बाजूचं. काकडीच्याच कुळातला वेल. नाव मात्र न्यूझीलंडच्या बागायतदारांनी दिलेलं. अर्धं आम्ही खाल्लं, अर्धं मी बियांसाठी ठेवलं.

प्रत्येक बी जेलीच्या छोट्या पिशवीत असतं, ती चोळून निघत नाही. म्हणून टोमॅटोच्या बियांसारखा गर दोन दिवस वाटीभर पाण्यात ठेवला. आंबूस वास आला, जेली सुटली, भरीव बिया तळाशी बसल्या.

जानेवारीतच लावल्या, ती चूक झाली. नाशिकच्या थंडीत एकही उगवलं नाही. या वेलाला ऊब हवी. फेब्रुवारीअखेर कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या कागदी कपांत पुन्हा लावल्या, रात्री कप घरात घेतले. आठातल्या पाच उगवल्या. दोन रोपं वीस लिटरच्या बादल्यांत लावली. माहेरी ओझरला द्राक्षबाग आहे, भावानं मांडवाची जुनी तार दिली. तिच्यावर वेल भराभर चढला. पानं-देठ खरखरीत, लवेनं भरलेले. पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच हात लावायचे.

एप्रिलात ऊन चाळिशीला टेकलं. शेडनेट बांधलं, बुंध्याशी पाचट पसरलं. फुलं भरपूर यायची, पण सगळी नर. मग मादी फुलं दिसू लागली, पाकळ्यांखाली बोराएवढं काटेरी फळ घेऊनच येणारी. दोन-तीन दिवसांत ते पिवळं पडून गळायचं. मी खत वाढवलं, पाणी कमी केलं, काही उपयोग नाही. भाऊ आला, वेल बघितला आणि म्हणाला, "ताई, चौथ्या मजल्यावर मधमाशी दिसली का कधी?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला गच्चीवर. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या गाठीवर हलकेच फिरवायचा. ऊन तापायच्या आत उरकायचं. चौथ्या दिवशी एक फळ गळलं नाही, उलट त्याचे काटे ताठ झाले. मी दिवसातून तीनदा वर जाऊन बघत होते.

सात फळं धरली. जूनच्या पावसात फळमाशीनं दोन डंखली, टाचणीएवढ्या भोकातून डिंकासारखा चीक आला. ती काढून टाकली. उरलेल्यांना बागेत घडांना बांधतात तसे कागद बांधले.

पहिलं फळ जूनअखेर पिवळं-केशरी झालं. सासूबाईंनी उभं कापून काळं मीठ, जिरेपूड भुरभुरली. चव काकडीची, मागे लिंबाची आंबूस छटा. एक हिरवं असतानाच कोशिंबिरीत घातलं, तेही छान लागलं. बिया पुन्हा वाटीत भिजत घातल्या आहेत, या खेपेला भावाच्या बांधावरही लावणार.