उलटी सेन्सिटिव्हिटी

पसाच्या बाटलीबरोबर आलेल्या फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं: 'लिव्हर ॲब्सेस, कल्चरसाठी'. म्हणजे यकृतातला गळू, त्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायचे. वयापुढे ५४. मधुमेह आहे का, आधी कोणती औषधं चालू होती, पेशंट काम काय करतो, हे सगळे रकाने कोरे. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना याची सवय असते. आम्हाला माणूस दिसत नाही, त्याच्या अंगातून काढलेलं चमचाभर काहीतरी दिसतं, आणि त्यावरून जंतूचं नाव सांगायचं असतं.

आमचं रुग्णालय दक्षिण कोकणात. श्रावण लागला होता, लावण्या आटोपल्या होत्या आणि वॉर्ड तापाच्या पेशंटांनी भरला होता. लेप्टो, डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफस. या गर्दीत यकृतातला एखादा गळू सहज मागे पडतो. स्लाइड मात्र मी स्वतःच बघितली. ग्रॅम निगेटिव्ह बारीक काड्या, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका. पुस्तकात याला 'सेफ्टी पिन' म्हणतात आणि परीक्षेत त्या दोन शब्दांना मार्क मिळतात. प्रत्यक्षात इतर बरेच जंतू कधीमधी असेच रंगतात, त्यामुळे मी त्यावर फारशी विसंबत नाही. पण फॉर्म कोरा असला की हाताशी असेल तो धागा ओढून बघावा लागतो. मी रेडिओलॉजीत फोन केला.

"सर, काल तुम्ही सोनोग्राफीखाली ज्यांचा पस काढलात, त्यांच्या लिव्हरमध्ये दिसतंय काय?"

"फोनवर नाही सांगत. या खाली, दाखवतो."

सीटीच्या पडद्यावर यकृताच्या उजव्या भागात एक मोठा गळू होता, पण सलग पोकळी नव्हती. आत बारीक पडदे आणि पडद्यांमध्ये छोटी छोटी घरं, थेट मधमाशांचं पोळं. "अमीबाचा असता तर बहुतेक एकच मोठी पोकळी दिसली असती," सर म्हणाले. मग त्यांनी चित्र खाली सरकवलं. प्लीहेत बारीक बारीक ठिपके. आणखी खाली प्रोस्टेटमध्येही पस. "यकृत, प्लीहा, प्रोस्टेट एकाच माणसात. असं मी फार वेळा बघितलेलं नाही. तुमच्या प्लेटवर काय येतं ते मला कळवा."

दुसऱ्या दिवशी प्लेटवर आल्या त्या लहान, गुळगुळीत, अगदी सामान्य कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. ऑक्सिडेज नावाची टेस्ट पॉझिटिव्ह. आमचे सर्वांत जुने टेक्निशियन लांबूनच म्हणाले, "मॅडम, सुडोमोनास." त्यांचं सहसा चुकत नाही. सुडोमोनास एरुजिनोसाला द्राक्षासारखा गोड वास येतो. जुन्या पिढीतले टेक्निशियन प्लेटचं झाकण उचलून नाकाशी नेतात आणि कुठलीही टेस्ट लावायच्या आधी नाव सांगतात. कोविडपासून त्यांच्या तोंडावर मास्क असतो म्हणून, नाहीतर त्या दिवशीही त्यांनी तेच केलं असतं.

आयडेंटिफिकेशनच्या यंत्राने संध्याकाळी 'बर्खोल्डेरिया सेपॅसिया' असं नाव दिलं, तेही भरघोस टक्केवारीसह. यंत्राचा आकडा बघितला की पुढे विचार करायचं थांबतं, हा माझा जुना आक्षेप आहे. सेपॅसिया हा बहुतेक वेळा रुग्णालयातल्या पाण्याचा, दूषित सलाइनचा, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा जंतू. घरून चालत आलेल्या माणसाच्या यकृतात तो काय करत होता?

उत्तर तिसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटने दिलं. ही प्लेट अशी असते: जंतूंचा पातळ थर पसरायचा, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण उमटतं. जेंटामायसिनच्या चकतीभोवती रिंगण नव्हतं. कोलिस्टिनच्या चकतीला तर जंतू अगदी खेटून वाढले होते. दुसरं काहीच चालेनासं झालं की आयसीयूत बाहेर काढतात ते औषध म्हणजे कोलिस्टिन. आणि शेजारी ॲमॉक्सिक्लॅव्हच्या चकतीभोवती मोठं, स्वच्छ रिंगण. दात दुखला, घसा बसला की गल्लीतले डॉक्टरही देतात तेच हे औषध.

हे सगळं उलटं होतं. सुडोमोनास असता तर ॲमॉक्सिक्लॅव्हला त्याने भीक घातली नसती आणि कोलिस्टिनला बहुतेक वेळा तो मरतो. सेपॅसिया कोलिस्टिनला जुमानत नाही हे खरं, पण तो ॲमॉक्सिक्लॅव्हलाही जुमानत नाही. जेंटामायसिन नाही, कोलिस्टिन नाही, पण ॲमॉक्सिक्लॅव्ह चालतं, असा मेळ ज्याच्याशी बसतो तो जंतू म्हणजे बर्खोल्डेरिया सुडोमॅलाय. मेलिऑइडोसिस या आजाराचा. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनने मरणारे त्याचे काही वाण सापडले आहेत, म्हणजे हा नियमही अगदी पक्का नाही. पण माझ्यापुढे तिन्ही चकत्या एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. तोवर पहिल्या प्लेटवरच्या कॉलनीही कोरड्या पडून सुरकुतल्या होत्या.

"त्या प्लेटची झाकणं उघडू नका. सगळं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये हलवा," मी म्हणाले. टेक्निशियनांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

हा जंतू हवेतल्या बारीक थेंबांतून फुप्फुसात जाऊ शकतो, आणि प्रयोगशाळेत त्याचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. प्लेट हुंगणं हा तर धोक्याच्या यादीत वर असलेला प्रकार. हुंगली कुणीच नव्हती, पण दोन दिवस प्लेट उघड्या टेबलावर हाताळल्या गेल्या होत्या आणि आमच्या टेक्निशियनांना स्वतःला मधुमेह. त्यांना खबरदारी म्हणून एकवीस दिवस कोट्रायमोक्झाझोल सुरू केलं. ते थोडे रुसले. गोळ्यांवर नव्हे, इतक्या वर्षांची हुंगायची विद्या मी एका वाक्यात बंद केली म्हणून.

मग मी वॉर्डात गेले. खरं तर हे आधीच करायला हवं असं आम्ही सगळे म्हणतो आणि कामाच्या रेट्यात करत नाही. कॉटवर बारीक झालेला शेतकरी, उशाशी बायको, तिच्या मांडीवर रिपोर्टांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी.

"ह्येंका टीबी आसा म्हणान सांगल्यानी," ती म्हणाली. "गोळये चालू केले. खोकलो तर कधीच नाय. ताप तेवढो येता नि जाता."

गेल्या भाद्रपदापासून ताप. अँटिबायोटिक दिलं की उतरायचा, आठवड्या-पंधरवड्यात परत यायचा. वजन घटलं. छातीच्या एक्स-रेत एक छाया निघाली. थुंकी निगेटिव्ह, जीन टेस्टही निगेटिव्ह, तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली आणि महिने उलटले. साखर बरीच वर्षं वाढलेली, गोळ्या मनाला येतील तशा. लावणीत काही जखम झाली होती का, असं विचारल्यावर तो पहिल्यांदा बोलला: "पाय कापलो होतो गेल्या वर्सा. पण तां दर वर्साचां."

पिशवीतले कागद चाळताना मला एक जुना ब्लड कल्चर रिपोर्ट सापडला, दुसऱ्याच कुठल्यातरी लॅबचा. 'सुडोमोनास स्पीशीज, बहुधा कंटॅमिनंट', म्हणजे बाहेरून चुकून मिसळलेला जंतू. खाली सेन्सिटिव्हिटीचा तक्ता: जेंटामायसिन आर (लागू नाही), कोलिस्टिन आर, ॲमॉक्सिक्लॅव्ह एस (लागू). आमच्या प्लेटवर होतं तेच, ओळीने. कित्येक महिने हा कागद या बाईबरोबर एसटीतून फिरत होता. मेलिऑइडोसिस हे नाव एमबीबीएसच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतं, आणि बहुतेकांच्या डोक्यात ते थायलंडच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे त्या लॅबवर फार राग धरावा असं मला वाटत नाही.

खरं तर हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारात, रंगूनमध्ये, १९११ साली. ओळखणारे दोघे, आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी. 'व्हिटमोर्स डिसीज' या दुसऱ्या नावात व्हिटमोर चिकटला, कृष्णस्वामी फारशा कुणाला आठवत नाहीत. जंतू राहतो ओल्या मातीत. पावसात पाणी वर चढलं की तोही वर येतो, आणि कापलेल्या पायातून, श्वासातून किंवा न शुद्ध केलेल्या पाण्यातून शरीरात शिरतो. त्याला सगळ्यात जास्त मानवतो तो मधुमेही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी १ लाख ६५ हजार लोकांना मेलिऑइडोसिस होतो, ८९ हजार दगावतात आणि यातला ४४ टक्के भार दक्षिण आशियावर आहे. भातशेती, मुसळधार पाऊस आणि मधुमेह ही तिन्ही आमच्याकडे एकाच घरात नांदतात. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण निघालं ते शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. उडुपी-मणिपाळकडून या आजाराच्या नोंदी कितीतरी वर्षं येताहेत. कोकणाचा नकाशा त्यामानाने कोरा दिसतो. जंतू कारवारला थांबत असेल यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या आठवड्यात राहून राहून आठवत होती. २०२१ साली अमेरिकेतल्या चार वेगवेगळ्या राज्यांत चौघांना मेलिऑइडोसिस झाला. कुणीच परदेशी गेलेलं नव्हतं. दोघं दगावले. जनुकक्रम तपासल्यावर चौघांचा जंतू एकच निघाला आणि त्याचे नातलग दक्षिण आशियातले. शेवटी एका घरात सुगंधी स्प्रेची बाटली सापडली, भारतात बनलेली, आणि जंतू त्या बाटलीत होता. तिथे चार रुग्णांवरून बाटलीपर्यंत माग काढला गेला. इथे तोच जंतू ब्लड कल्चरमध्ये उगवतो आणि रिपोर्टात 'कंटॅमिनंट' होतो.

मी फिजिशियनना नाव सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "एकेटी बंद करू?" बंद केली, मेरोपेनेम सुरू झालं. मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम, दोन्ही चालतात. थायलंडमधल्या उबोन रत्चथानीत झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या औषधांवर ७४ टक्के रुग्ण दगावले होते, सेफ्टाझिडिमवर ३७ टक्के. इतका मोठा फरक एका औषधाने पडल्याची उदाहरणं थोडीच.

पाचव्या दिवशी वॉर्डातून फोन. ताप १०२, औषध लागू पडत नाही, कोलिस्टिन जोडू का? कोलिस्टिन! मी जवळजवळ धावतच वर गेले. या आजारात योग्य औषधावरही ताप उतरायला साधारण नऊ दिवस लागतात, मोठे गळू असले तर जास्तच. तेवढ्यात धीर सुटतो, औषध बदललं जातं आणि लागू पडणारं औषध बंद होतं. रेडिओलॉजीच्या सरांनी परत सोनोग्राफी केली, प्रोस्टेटमधला पसही काढला. औषध तेच ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात ताप सुटायला लागला आणि बाईने मला जिन्यात गाठून सांगितलं, "आज पेज मागून खाल्ल्यानी."

दरम्यान खात्रीसाठी जंतू पीसीआरला पाठवायचा होता. याचं कल्चर पाठवायचं तर तीन आवरणांचं, सर्वांत कडक वर्गातलं पॅकिंग लागतं. कुरिअरवाल्याने आत काय आहे असं विचारलं, मी खरं सांगितलं, त्याने डबा परत माझ्याकडे सरकवला. शेवटी आमचाच माणूस रुग्णालयाच्या गाडीने घेऊन गेला. उत्तर आलं: सुडोमॅलायच.

छातीचा पहिला एक्स-रे मी नंतर सरांबरोबर बघितला. अलीकडे एक्स-रे वाचून टीबीची शक्यता सांगणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करते. "हा एक्स-रे त्यात टाकला तर?" मी विचारलं. "टीबी म्हणेल," सर म्हणाले. "मीही म्हटलं असतं. छाया कुठे आहे ते मी सांगू शकतो, कशाची आहे ते तुमची प्लेट सांगणार." टीबीच्या देशात टीबी शोधायला ही सॉफ्टवेअरं हवीतच. पण छाया टीबीची, थुंकी निगेटिव्ह आणि साखर वाढलेली, असा पेशंट दिसला की एक ब्लड कल्चर लावावं, एवढी ओळ त्यांच्या रिपोर्टखाली कुणी घातली तर बरं होईल.

चार आठवडे शिरेतून औषध झालं. पुढे किमान तीन महिने कोट्रायमोक्झाझोल, मधूनमधून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघत. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो, हे मी दोघांना बसवून सांगितलं. मग गमबुटांचा विषय काढला. तो पहिल्यांदा हसला. "मॅडम, चिखलात बूट रुततत. माणूस वर येता, बूट थयच रवतत." हे त्याचं खरंच आहे. थायलंडमधले भातशेतकरीही हीच तक्रार करतात, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण लावणीला उतरलेत देव जाणे. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या लावणीला चिखलणी मुलगा करेल, हा बांधावरून तरव्याच्या मुठी देईल, पायाला कापलं असेल त्या दिवशी शेतात उतरणार नाही आणि साखर तपासायला दर महिन्याला येईल. बूट घेईन असं तो म्हणाला नाही.

लॅबमध्ये आता नियम आहे. कोणताही ऑक्सिडेज पॉझिटिव्ह नॉन-फर्मेंटर, म्हणजे साखर न आंबवणारा जंतू, आला की त्याला त्या तीन चकत्या लागतात, आणि यंत्राने 'सेपॅसिया' म्हटलं तर रिपोर्ट माझ्या सहीशिवाय जात नाही. फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना अजूनही कोराच येतो, म्हणून पावसाळ्यात टेक्निशियन स्वतःच वॉर्डात फोन लावतात: "पेशंट शेती करता काय? साखर आसा काय?"