बाहेरच्या टोपाला पाईपचा गॅस की सिलिंडर?

आमच्या गोव्यातल्या बारदेशात कॉलनी-कॉलनीत पाईपलाईनचा गॅस यायला लागल्यापासून डिसेंबर आला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो जास्त करून अशा घरांतून येतो जिथे अमेरिकेतला कोणीतरी भाचा-पुतण्या सुट्टीला आलाय आणि त्याला अंगणात तिकडच्यासारखा सीफूड बॉईल करून दाखवायचाय. प्रश्न असा, की स्वयंपाकघरातला पाईप मागच्या दाराने बाहेर काढला आणि त्यावरच मोठा टोप चढवला तर काय बिघडलं, सिलिंडर भाड्याने कशाला आणा? पाईपचा गॅस स्वस्त पडतो, संपत नाही, बुकिंगची कटकट नाही. सगळं खरं. पण बॉईलच्या बाबतीत मुद्दा वेगळाच आहे आणि तो कोणी विचारत नाही म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अमेरिकेत लुईझियाना म्हणून राज्य आहे तिथला हा प्रकार, ते लोक क्रॉफिश (गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा प्रकार) नाहीतर कोळंबी नाहीतर खेकडे एका प्रचंड टोपात मसाल्याच्या खारट पाण्यात उकडतात, त्यातच बटाटे, मक्याची कणसं, सॉसेज, आणि मग पाणी निथळून सगळा ढीग सरळ कागद पसरलेल्या टेबलावर ओततात, ताटं नाहीत, चमचे नाहीत, हातानेच खायचं. आपल्याकडे हे इतकं सहज जमतं की आश्चर्य वाटतं अजून सगळीकडे का होत नाही. मालीमच्या जेटीवरनं कुर्ल्यो (खेकडे) आणि सुंगटां (कोळंबी), मिळाले तर शिनाणे (शिंपल्यांतला एक प्रकार), सॉसेजच्या जागी आपला चोरिस, म्हणजे गोव्याचं डुकराचं सॉसेज, आणि त्यांच्या मसाल्याच्या पुरचुंडीच्या जागी तिरफळं, सुकी मिरची, लसणीचे अख्खे गड्डे, सोलां म्हणजे आमसुलं. (सोलां घालणार असाल तर ॲल्युमिनियमचा टोप नको, आंबटाने धातूची चव उतरते, स्टीलचाच घ्या.)

आता मूळ गोष्ट. सगळे विचारतात पाणी उकळायला किती वेळ लागेल. अहो, पाण्याला लागू दे की तासभर, तोवर गप्पा मारा. खरा प्रश्न आहे मासळी आत टाकल्यावर परत उकळी किती वेळात येते.

हिशोब करून बघा. टोपात 20 लिटर पाणी खळखळ उकळतंय. त्यात तुम्ही बर्फातली 5 किलो कुर्ल्यो-सुंगटां सोडली. पाणी लगेच 83-84 डिग्रीवर येतं, उकळी एकदम बसते. ती परत आणायला साधारण अर्धा युनिट उष्णता टोपाच्या आत जायला हवी, युनिट म्हणजे विजेच्या बिलात असतो तोच. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-तीन किलोवॅटचा असतो, त्यातलं बाहेर वाऱ्यात निम्मं जरी टोपाला लागलं तरी नशीब, आणि तेवढ्यात उघड्या तोंडाच्या टोपातून वाफेवाटे आणि बाजूने उष्णता जात असतेच, म्हणजे वीस मिनिटं, अर्धा तास, कधी कधी येतच नाही उकळी, नुसती काठाला बुडबुड करत राहते. आणि सुंगटांना लागतात किती? दोन-तीन मिनिटं. म्हणजे ती बिचारी तेवढा वेळ कोमट-गरम पाण्यात पडून, कवच सोडवत नाही, मांस पिठूळ नाहीतर रबर.

आमच्या इथे लग्नाकार्याला येणारा एक रांदपी, म्हणजे आचारी आहे, त्याला मी घरच्या शेगडीवर करायचं का म्हणून विचारलं तर त्याने टोप बघितला, शेगडी बघितली आणि म्हणाला, "बाय, हांगा सुंगटां शिजचीं नात, न्हातलीं." म्हणजे इथे ती शिजणार नाहीत, नुसती आंघोळ करतील. विषय संपला.

त्याची स्वतःची भट्टी, म्हणजे जाड लोखंडी तीन पायांची, खाली हाय प्रेशरचा बर्नर, ती सहज पंधरा किलोवॅटच्या घरात जाते. वाऱ्यात चाळीस टक्केच लागली तरी सहा किलोवॅट आत. अर्धा युनिट म्हणजे पाच मिनिटं. सुंगटां शेवटी वेगळी सोडली तर त्याहून कमी. एवढाच फरक, पण जेवण त्याच्यावर आहे.

आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. त्यांना वाटतं सिलिंडरचा गॅस "जोरदार" आणि पाईपचा "मंद". तसं नाहीये. घरच्या लाल सिलिंडरला जो नेहमीचा रेग्युलेटर असतो तो गॅसचं प्रेशर 30 मिलिबारवर आणून सोडतो, आणि पाईपचा गॅस घरात येतो 21 मिलिबारच्या आसपास. फार काही फरक नाही, आणि बर्नरचं भोक त्या त्या हिशोबाने पाडलेलं असतं, त्यामुळे दोन्हीवर भात तेवढ्याच वेळात होतो. रांदप्याच्या भट्टीला असतो हाय प्रेशर रेग्युलेटर, तो मिलिबारमध्ये नाही, सरळ बारमध्ये गॅस सोडतो (हजार मिलिबारचा एक बार). सिलिंडरच्या आत गॅस दाबून द्रव करून ठेवलाय म्हणून हे शक्य आहे. पाईपमध्ये तो साठलेला दाबच नाही, त्यामुळे तुम्ही कितीही भारी भट्टी आणून पाईपला जोडली तरी ती जळणार मेणबत्तीसारखी. म्हणजे निवड खरं तर रेग्युलेटरची आहे, आणि तो रेग्युलेटर फक्त सिलिंडरवर बसतो.

भोकाचंही सांगते, कारण एका ओळखीच्यांनी कुठून तरी बर्नर आणून सरळ पाईपला लावला होता. पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. सिलिंडरच्या एलपीजीत असतात प्रोपेन आणि ब्युटेन, आणि नुसत्या प्रोपेनमध्येच तेवढ्याच घनफळात मिथेनच्या साधारण अडीच पट उष्णता असते. त्यामुळे सिलिंडरच्या बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं भोक, बारीक, पाईपच्या बर्नरचं मोठं. बारीक जेटमधून मिथेन सोडला तर ज्योत इवलीशी. उलट पाईपच्या शेगडीला सिलिंडर लावला तर त्याहून वाईट, गॅस जास्त, हवा कमी, पिवळी लांबलचक ज्योत आणि टोपाचा बूड काजळीने काळा. पाईपचं कनेक्शन देताना कंपनीची माणसं घरच्या शेगडीचं जेट बदलून जातात ते ह्यासाठीच. म्हणून तीच शेगडी उचलून बाहेर सिलिंडरवर लावू नका.

अमेरिकेतून आलेला पुतण्या म्हणेल, काका, आमच्याकडे प्रोपेन असतो, तुमच्याकडे कुठे मिळतो? तिकडे बार्बेक्यूला जो 20 पौंडांचा, म्हणजे साधारण 9 किलोचा टँक वापरतात त्यात जवळजवळ शुद्ध प्रोपेन असतो, कारण त्यांच्याकडे बर्फ पडतो आणि प्रोपेन उणे 42 डिग्रीपर्यंत वायू होत राहतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच अडून बसतो. आपल्या एलपीजीत दोन्हींचं मिश्रण असतं आणि गोव्यात ते पुरेसं आहे, आमची थंडी म्हणजे पहाटे शाल घ्यायची एवढीच. त्यामुळे प्रोपेन शोधत फिरू नका, एलपीजी चालतो, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा.

मोठी भट्टी फुल्ल चालते तेव्हा सिलिंडरमधला द्रव भराभर वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःतूनच घेतो, सिलिंडर गार पडतो. आधी बाहेरून घाम सुटतो, मग खालच्या भागात जिथवर द्रव आहे तिथवर पांढरा बर्फाचा थर दिसायला लागतो, बोट लावलं तर चिकटतं. ज्योत हळूहळू उतरते आणि सगळे ओरडतात गॅस संपला. संपलेला नसतो. रांदपी अशा वेळी सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात उभा ठेवतात, ते ठीक. पण काहीजण सिलिंडर आडवा करतात, आणि ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, कारण मग वायूऐवजी द्रवच पाईपमधून बर्नरला जातो आणि भट्टी एकदम भडकते. गरम पाणी ओतणारेही बघितलेत. दोन्ही नको. अर्धवट सिलिंडर न आणता भरलेला आणा, म्हणजे हा प्रकार उशिरा होतो.

गॅस जातो किती? माझ्या हिशोबाने 20 लिटर पाण्याचा टोप उकळायला 300 ग्रॅमच्या आसपास, आणि बटाटे-कणसं-मासळी धरून सगळा कार्यक्रम एका किलोच्या आत. म्हणजे केटरिंगवाल्यांच्या 19 किलोच्या निळ्या सिलिंडरात हा टोप कित्येक वेळा होईल. पैशाच्या हिशोबात पाईप स्वस्त की सिलिंडर हा वाद एका संध्याकाळच्या बॉईलसाठी करण्यात अर्थच नाही, तुम्ही सुंगटांना त्याच्या कितीतरी पट देऊन आलात.

निळाच का? कारण घरच्या 14.2 किलोच्या लाल सिलिंडरला हाय प्रेशर रेग्युलेटर लावायचा नाही. तो त्यासाठी दिलेला नाही, आणि घरची ती नारिंगी रबरी ट्यूबसुद्धा कमी प्रेशरसाठीच आहे. भट्टी, रेग्युलेटर, हाय प्रेशरची नळी आणि निळा सिलिंडर असा सगळा सेट केटरिंगवाल्याकडून एकत्र भाड्याने घ्या, सुटं सुटं जमवू नका.

पण पाईपला मी अगदीच नावं ठेवत नाही हां. एका परिस्थितीत तोच बरा. ज्यांच्या अंगणात कायमचा ओटा आहे, दर रविवारी बाहेरच रांधतात, त्यांनी कमी प्रेशरचा, बऱ्याच जेटांचा बर्नर मिळतो तो लावावा. एका मोठ्या फुंकरीऐवजी दहा-वीस बारीक जेटं, प्रत्येकाची वेगळी ज्योत, अमेरिकेतही नॅचरल गॅसवर मोठे टोप चढवणारे हाच वापरतात. घरगुती मीटर तासाला अडीच घनमीटरपर्यंत गॅस देऊ शकतो, मीटरवर छापलेलं असतं, आणि तेवढ्यात पंचवीसेक किलोवॅट निघतात, म्हणजे कागदावर पुरतं. अडतं कुठे, तर मीटरपासून ओट्यापर्यंतच्या बारीक आणि लांब पाईपमध्ये, कोपऱ्याकोपऱ्यावर प्रेशर पडत जातं. ती लाईन कंपनीच्याच माणसांकडून, त्यांना बर्नर केवढा आहे ते सांगून टाकून घ्यायची. रबरी नळी लांबवून दारातून बाहेर, हे नाही म्हणजे नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र पाईप जिंकतो. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तरी उघड्यावर वर निघून जातो. एलपीजी जड, तो जमिनीवरून सरपटतो आणि खोलगट जागा शोधतो. आपल्या जुन्या घरांत खोलगट जागा किती, विहीर, गटार, पायऱ्यांखालची कोठी, चिऱ्याच्या बांधाचा कोपरा. म्हणून भट्टी विहिरीजवळ मांडू नका, पाणी जवळ पडतं म्हणून सगळे तिथेच मांडतात. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रे लावता ते भट्टीला लावा, सिलिंडर पत्र्यांच्या बाहेर मोकळ्यावर ठेवा. वास आला तर आधी वॉल्व्ह, मग बाकीचं, आणि 1906 हा एलपीजी गळतीचा नंबर फोनमध्ये ठेवा.

सगळ्यात फसवा क्षण चोरिस टाकतानाचा. त्याची चरबी सुटते, त्यात बटाट्याचा स्टार्च, आणि टोपावर लाल फेस चढायला लागतो, बघता बघता बाहेर येतो आणि खाली ज्योतीवर पडतो. ज्योत विझते. घरच्या शेगडीवर हे झालं तर कळतं, पण बाहेर उजेडात, वाऱ्यात, गाणी चालू असताना कोणाला कळत नाही आणि भट्टी गॅस सोडत राहते, ती आपोआप बंद होत नाही. म्हणून टोप दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही आणि चोरिस सोडताना आच निम्म्यावर आणायची. एका माणसाला फक्त भट्टीकडे बघायचं काम द्या, आमच्यात ते काम ज्याला मासे साफ करता येत नाहीत त्याला मिळतं.

क्रम असा, आधी मीठ-मसाल्याच्या पाण्यात बटाटे, ते अर्धे शिजले की चोरिस, मग आच परत फुल्ल करून कुर्ल्यो, दहा-बारा मिनिटं, त्यातल्या शेवटच्या पाचात कणसं, मग शिनाणे, ते तोंड उघडायला लागले की सुंगटां, आणि सुंगटां गुलाबी होऊन वळली की लगेच बंद. आधी सिलिंडरचा वॉल्व्ह, नळीतला गॅस जळून जाऊ द्यायचा, मग भट्टीचा नॉब. थोडा बर्फ टाकून पाच-दहा मिनिटं सगळं तसंच पाण्यात मुरू द्यायचं, मसाला खरा तेव्हा आत शिरतो. आणि टोप उचलून ओतायला जाऊ नका, आत जाळीचं भांडं बसवलेलं असेल तर नुसतं ते वर घ्यायचं, दोघांनी, हातात जाड फडकी घेऊन, पोरांना बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसवून.