जोड न घेणाऱ्या भिंती आणि नकाशातून गायब झालेला कठडा : घराच्या नकाशाची सातवी नोंद

ऑटोकॅड आर्किटेक्चर या इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका दुमजली घराचा नकाशा काढतो आहे. मागच्या नोंदीत तळमजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. या वेळी नवीन एकही भिंत काढली नाही. आहेत त्याच नीट दिसाव्यात म्हणून तीन संध्याकाळी लागल्या. जे सापडलं ते मात्र पुढच्या प्रत्येक नकाशात कामाला येणार आहे.

सुरुवात झाली जोडांपासून. बाहेरची भिंत २३० मिमीची, आतलं पार्टिशन ११५ मिमीचं. पार्टिशन बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटलेलं, तरी दोघांमधली रेघ काही जाईना. मी दोनदा पुसून पुन्हा काढलं, तरी तेच. मग वॉलग्राफडिस्प्लेटॉगल ही कमांड चालवली आणि लगेच उलगडा झाला. भिंतीच्या कडा एकमेकींना टेकल्या आहेत का, हे सॉफ्टवेअर बघतच नाही. ते बघतं आतली ग्राफ रेघ, म्हणजे भिंत जिच्या आधाराने काढलेली असते ती एरवी न दिसणारी रेघ. बाहेरची भिंत मी बाहेरच्या कडेवर जस्टिफाय करून, म्हणजे ती कड आधाराला धरून काढली होती, म्हणून तिची ग्राफ रेघ पलीकडच्या कडेला. पार्टिशन आतल्या कडेपाशी थांबलेलं. दोन रेघांमध्ये चांगलं २३० मिमीचं अंतर! पार्टिशन त्या रेघेपर्यंत ताणलं आणि जोड आपोआप मिटला. तो मिटताना बघण्यात जो आनंद आहे तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको.

क्लीनअप रेडियस, म्हणजे सॉफ्टवेअर जोडण्यासाठी दुसरी रेघ किती अंतरापर्यंत शोधतं तो आकडा, वाढवूनही हे जमलं असतं. पण मोठा रेडियस शेजारच्या नको त्या भिंतीलाही ओढून घेतो, विशेषतः शाफ्टसारख्या (पाइप नेण्याची उभी पोकळी) अरुंद जागी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आधी रेघ रेघेला भिडवा, रेडियसला अगदी शेवटी हात लावा.

एक जोड तरीही उघडाच राहिला. रेघा भिडलेल्या, उंची सारखी. तिथे एक भिंत वेगळ्या क्लीनअप ग्रुपमध्ये, म्हणजे आपसात जोडल्या जाणाऱ्या भिंतींच्या वेगळ्या गटात होती. दुसऱ्या फाइलमधून कॉपी करताना ती आपला ग्रुप सोबत घेऊन आली होती. ग्रुप वेगळे असले की भिंती एकमेकींना ओळखत नाहीत. ग्रुप बदलला, काम झालं.

दुसऱ्या संध्याकाळी जिन्याचा कठडा, जो मी बुटकी भिंत म्हणूनच काढला आहे. तिरक्या दृश्यात छान उभा, वरून पाहिलं की गायब. आधी वाटलं त्याचा लेयर (नकाशाचा थर) फ्रीझ होऊन लपला असेल, पण तो चालू होता. वरून बघताना प्लॅनचं रिप्रेझेंटेशन (त्या दृश्यासाठीचं चित्रण) दिसतं आणि तिरकं बघताना मॉडेलचं, ही दोन स्वतंत्र चित्रं आहेत, हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ कमी होतो. माझ्या फाइलमध्ये कट प्लेन, म्हणजे प्लॅनसाठी घर आडवं कापलं जातं ती उंची, १२०० मिमीवर आहे आणि कठडा ९०० मिमी उंच. म्हणजे छेद त्याच्या डोक्यावरून जातो. अशी भिंत 'बिलो कट प्लेन' या घटकाने काढली जाते, आणि त्या वॉल स्टाईलमध्ये (एका प्रकारच्या सगळ्या भिंतींची सामाईक सेटिंग) नेमका तोच घटक बंद होता. चालू केला, कठडा आला.

पण एकच तुकडा! उरलेला अर्धा कठडा अजून बेपत्ता, स्टाईल तीच असूनही. इथे डिस्प्लेच्या तीन पायऱ्या आठवाव्या लागतात : संपूर्ण ड्रॉइंगची मूळ सेटिंग, तिच्यावर स्टाईलचं ओव्हरराइड (मूळ सेटिंगऐवजी लावलेली वेगळी सेटिंग), आणि सगळ्यांत वर त्या एकट्या वस्तूचं ओव्हरराइड. वरची पायरी खालच्या सगळ्यांना झाकते. त्या तुकड्यावर मी पूर्वी प्रयोग करताना ऑब्जेक्ट ओव्हरराइडची खूण केली होती आणि ती तशीच राहिली होती. खूण काढली. आता नियमच केलाय : एकट्या भिंतीवर ओव्हरराइड टाकायचं नाही, गरज पडली तर वेगळी स्टाईल करायची. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर स्टाईलचं नाव दिसतं, ती खूण दिसत नाही.

लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या पानावर, हॅच (भिंतीतल्या भराव रेघा) दिसत नव्हतं, ते पाच मिनिटांत सुटलं. प्रत्येक व्ह्यूपोर्टचं, म्हणजे पानावरच्या नकाशाच्या चौकटीचं, डिस्प्ले कॉन्फिगरेशन (किती तपशील दाखवायचा ती सेटिंग) वेगळं असतं. माझं लो डिटेलवर होतं, मीडियम केलं. काही बदल करूनही चित्र जुनंच राहिलं तर ऑब्जरेलअपडेट ही कमांड चालवून बघा, चित्र पुन्हा रेखाटणाऱ्या साध्या रीजेनने प्रत्येक वेळी भागत नाही.

जुने धडे शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट : २००८च्या आवृत्तीपर्यंत पोचण्याआधी या सॉफ्टवेअरचं नाव आर्किटेक्चरल डेस्कटॉप होतं. त्या नावाने शोधलंत तर क्लीनअपवरचं बरंच उपयोगी साहित्य हाती लागतं, आणि ग्राफ रेघेचं मूळ तत्त्व आजही तेच आहे.

जिन्याच्या वळणावरची गोल भिंत मात्र अजून जोड न जमल्याची लाल खूण दाखवते आहे. तिथला एक तुकडा भिंतीच्या जाडीपेक्षाही आखूड आहे, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. तो शेजारच्या गोलाकार तुकड्यात मिसळून एकच भिंत करणार आहे. काय होतं ते आठव्या नोंदीत.