बाबांची मेडलं घासू नका

कोकणात फौजीचं घर ओळखायला दारावर पाटी लागत नाही. माजघरात नाहीतर माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइल पेंटनं नंबर, रँक, नाव, पलटण लिहिलेलं असतं. वडील गेले तरी ती ट्रंक कोणी भंगारात देत नाही. पण आत काय चाललंय हे वर्षानुवर्षं कोणी बघतही नाही. मग एखाद्या २६ जानेवारीला मुलं अभिमानानं मेडलं बाहेर काढतात, काळी पडलेली बघून हळहळतात आणि पितांबरी घेऊन बसतात. खाऱ्या वाऱ्यानं वीस वर्षांत केलं नसेल एवढं नुकसान त्या अर्ध्या तासात होतं.

कारण मेडलची खरी किंमत त्याच्या कडेवर असते. मेडल उभं धरा आणि जाडीच्या बाजूला बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, बहुतेक वेळा पलटणही असते. ही अक्षरं फार खोल नसतात. ब्रासो काय, पितांबरी काय, दोन्ही धातू खरवडूनच चकाकी आणतात. चार-पाच वेळा घासलं की आधी कडा गोल होतात, मग अक्षरं पुसट होतात. नाव गेलेलं मेडल बाजारात मिळणाऱ्या नकलेसारखंच.

त्या अक्षरांत आणखी एक गंमत असते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या जुन्या मेडलवर ‘शिपाई’ किंवा ‘नाईक’ असं दिसतं आणि नंबरही वेगळा असतो. घरच्यांना वाटतं मेडल दुसऱ्याचं आहे. तसं नसतं. मेडल मिळण्याच्या वेळी जो हुद्दा होता तोच सहसा कोरलेला असतो, आणि नायब सुभेदार, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, झाल्यावर ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. मेडलं कडेवरच्या हुद्द्यानुसार ओळीनं लावली की अख्खी नोकरी समोर येते. रिबनवरची आडवी धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, तीही वाचा. सैन्य सेवा मेडलवर ‘जम्मू अँड काश्मीर’, ‘हिमालय’, ‘नेफा’ (आजचा अरुणाचल प्रदेश), ‘मरुस्थल’ असं असतं. बाबा कुठे होते हे बाबांनी सांगितलं नसलं तरी ती पट्टी सांगते.

म्हणून पहिलं काम साफसफाईचं नाही, फोटोचं. मेडल घडी घातलेल्या सुती कापडावर उभं ठेवा, खोलीत अंधार करा, टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि मेडल थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला तर अक्षरं दिसत नाहीत, तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते.

आता धातू. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, समर सेवा स्टार ही तांब्याच्या मिश्रधातूची, संग्राम मेडल, रक्षा मेडल, विदेश सेवा ही तांबं-निकेलची, तर वीर चक्र आणि सेना मेडल चांदीची. तांबूस मेडलवर चढलेला गडद तपकिरी थर हा मळ नाही, धातूचं कवच आहे, तो राहू द्या. चांदी काळवंडते ती गंधकानं. रबर बँड आणि लोकर या दोन्हींत गंधक असतो, त्यामुळे चांदीचं मेडल रबर बँडनं बांधून वर्दीच्या लोकरी शर्टात गुंडाळणं म्हणजे मुद्दाम काळं करणं. काळजी करायची ती फिकट हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांची. मिठातला क्लोराइड तांब्यात शिरला की तो दमट हवेत आतून खात राहतो. असं मेडल लगेच इतरांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटातही हाच हिरवेपणा येतो.

साफ करायचंच असेल तर आधी मेडल रिबनमधून काढा. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून फिरवा, बोटांचं तेल निघतं. मग डिस्टिल्ड वॉटरचा बोळा, लगेच मऊ कापडानं टिपा आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेवर वाळवा. नळाचं पाणी नको, विहिरीचं तर नकोच, किनाऱ्याजवळच्या विहिरी अनेकदा मचूळ असतात. देवाची भांडी चिंचेनं किंवा आमसुलानं लख्ख निघतात हे खरं, पण ते आम्ल धातूचा वरचा थर विरघळवूनच लख्ख करतं. समईला ते चालतं.

दसऱ्याचा विषय नाजूक आहे. खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांबरोबर मेडलंही पाटावर मांडायची रीत अनेक घरांत आहे आणि ती मोडावी असं मला अजिबात वाटत नाही. फक्त हळद-कुंकू मेडलला न लावता पाटाला लावा. हळद रिबनमधून निघत नाही, कुंकू अक्षरांच्या खोबणीत बसतं आणि झेंडूचं पाणी रिबनवर डाग पाडतं.

रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद असते आणि फौजी सामानाच्या दुकानात नवी मिळते. जुनी टाकू नका, मेडलबरोबर पाकिटात ठेवा. नवी सुती दोऱ्यानं टाचा. सेफ्टी पिन गंजते, फेविकॉल रिबनमधून पलीकडे उतरतो. मेडलं लावताना सर्वांत ज्येष्ठ मेडल छातीच्या मध्याकडे येतं. फ्रेमवाल्याकडून हमखास चूक होते ती इथेच: क्रम उलटा लागतो किंवा ज्या रिबनच्या दोन बाजू सारख्या नाहीत ती फिरवली जाते. मेडलं जमिनीवर नीट मांडून फोटो काढा आणि तो फोटो त्याच्या हातात द्या. चौकट फणसाची किंवा सागाची छान दिसते, पण लाकडाची आणि एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, आम्लं बंद काचेआड धातूवर बसतात. मी अॅल्युमिनियमच्या बाजूनं आहे. खोली किमान २५ मिलिमीटर असू द्या, मेडल काचेला टेकता कामा नये. फ्रेम जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसात ती भिंत पाझरते. ओटीवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर तिथेही नको, रिबनचे रंग विटतात.

ट्रंक उघडायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी. त्या दिवसांत उत्तरेकडून कोरडा वारा असतो. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी हवा आधीच ओली झालेली असते, तेव्हा बंद केलेल्या ट्रंकेत आपण दमटपणाच कोंडतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. ट्रंक हवाबंद नसते, म्हणून मेडलं आणि कागद रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ट्रंकेत ठेवा. रबरी कड झाकणालाच राहू दे, मेडलला लागू नये. २० लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

वर्दी ठेवण्याआधी धुऊन खळ पूर्ण काढा. कडक खळ ही फौजीची शान, पण कसरीला आणि झुरळांना तेच जेवण. पितळी बटणं, बॅज, बेल्ट वेगळे करा, कातडं आणि पितळ एकमेकांना लागलं की हिरवं मेणचट काहीतरी धरतं. लोकरीला कसर लागली असेल तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कपड्यावर पाणी सुटतं. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या बटणांना आणि फोटोंना चिकटतात. दरवर्षी घडी दुसऱ्या रेषेवर घाला, एकाच घडीवर कापड तुटतं.

डिस्चार्ज बुक (नोकरीची नोंदवही) आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) लॅमिनेट करू नका. ते परत सोडवता येत नाही आणि आत ओल अडकली तर कागद तपकिरी होतो. ३०० डीपीआयवर स्कॅन करा, फोटो ६०० वर. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहा, बाबांबरोबरची माणसं ओळखणारं कोणी घरात आहे तोवर लिहा. डिस्चार्ज बुकातली मेडलांची नोंद आणि हातातली मेडलं जुळवून पाहा. काही मेडलं निवृत्तीपर्यंत पोचलेलीच नसतात, फक्त रिबन लावलेली असते. नंबर, हुद्दा, पलटण आणि नोंदीच्या पानाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे.

राहिली ट्रंक. ती जमिनीला टेकवू नका, खाली दोन लाकडी रिपा घाला, तळ आधी गंजतो. गंज सँडपेपरनं काढून आतून रेड ऑक्साइड लावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, झाकण उघडं ठेवा. बाहेरून नवा रंग द्यायचा मोह होईल. त्याआधी टॉर्च आडवी धरून झाकणावर बघा. पांढऱ्या ‘जेसी’ नंबराखाली काळ्या रंगातून आधीचा, शिपायाचा नंबर उठून दिसतो. तेवढा भाग सोडून रंगवा.