झाकण न ठेवता केलेली भाजी

रविवार, रात्री साडेनऊ

आज पावसाने दिवसभर उसंत दिली नाही. सकाळी बेळगावच्या गणपत गल्लीतून आणलेली भाजी इतकी ओली होती की घरी येईपर्यंत पिशवीच्या तळाशी पाणी साचले होते. कोबीचा लहानसा गड्डा, चार गाजरे, श्रावणघेवडा, दोन ढबू मिरच्या आणि कांद्याच्या पातीची एक जुडी एवढेच घेतले होते. चिनी पद्धतीची परतलेली भाजी करायची आणि ती गेल्या महिन्यासारखी बिघडू द्यायची नाही, असे मी घरातून निघतानाच ठरवले होते.

गेल्या महिन्यात मी चिरलेल्या सगळ्या भाज्या एकदम कढईत ओतल्या, सवयीने वर मीठ भुरभुरले आणि सवयीनेच झाकण ठेवले. पाच मिनिटांनी पाहते तो भाज्या आपल्याच पाण्यात रटरटत होत्या, आणि त्यात सोया सॉस पडल्यावर जे काही तयार झाले ते पाहून यजमानांनी अत्यंत शांतपणे विचारले, ‘हे भातावर घ्यायचं, की वाटीतून प्यायचं?’

नंतर विचार करताना ध्यानात आले की चूक सोया सॉसची नव्हती, झाकणाची होती. आपल्याकडे कोणतीही फळभाजी फोडणीत टाकली की हळद-मीठ घालून तिच्यावर ताटली ठेवायची, ताटलीत थोडे पाणी ओतायचे आणि मंद आचेवर वाफ आणायची, ही रीत आईकडून सासरपर्यंत मी एकसारखीच पाहिली आहे. त्या रीतीत भाजीला सुटणारे पाणी हवेच असते, कारण त्याची वाफच भाजी शिजवते. परतण्याच्या चिनी रीतीत मात्र तेच पाणी वैरी ठरते. कोबीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते कढईत साचून राहिले की भाजीचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खरपूस रंग व वास यायला साधारण १४० अंशांची उष्णता लागते. म्हणजे पाणी असेपर्यंत आपण भाजी परतत नसतो, उकडत असतो.

म्हणून आज भाज्या धुऊन जुन्या पंचावर तासभर पसरून ठेवल्या आणि चिरण्यापूर्वी एकेक पुसली. सासूबाई दारातून हे पाहत होत्या. भाजीला टॉवेल लागतो हे त्यांना नवीन होते. गाजर आणि घेवडा तिरपा, काडेपेटीच्या काडीपेक्षा किंचित जाड चिरला. कोबीचे मात्र दोन बोटे रुंद तुकडे ठेवले, कारण बारीक चिरलेला कोबी लगेच पाणी सोडतो. आले, लसूण, पात, सॉसची वाटी असे सगळे ओट्यावर मांडूनच गॅस पेटवला. एकदा कढई तापली की डबा शोधायला वेळ नसतो.

कढई बिडाची आहे. उद्यमबागेत इतक्या फाउंड्री असलेल्या गावात बिडाचे कौतुक वेगळे सांगायला नको. चीनमधल्या कँटनचे आचारी पातळ पोलादी कढई वापरतात, कारण त्यांच्या भट्टीची ज्वाळा प्रचंड असते. अशा कढईतून येणाऱ्या धुरकट खमंग वासाला ते ‘वोक हेई’, म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात. आपल्या घरगुती शेगडीला तेवढा जोर नाही, म्हणून जड बीड आधी पाच-सहा मिनिटे तापवून त्यातच उष्णता साठवून घेणे मला बरे वाटते. तेलातून धुराची पहिली रेघ निघाली तेव्हा आले-लसूण टाकले आणि दहा आकडे मोजायच्या आत गाजर-घेवडा आत गेला.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दोन घाणे करणे. कढईत जागा दिसत असताना अर्धी भाजी ताटात ठेवून द्यायची, हे गृहिणीच्या हाताला पटत नाही. पण पहिला घाणा तीन मिनिटांत झाला. घेवड्यावर काळसर ठिपके उमटले, कोबीच्या कडा करपल्यासारख्या झाल्या आणि देठ कुरकुरीत राहिले. कढईच्या तळाशी पाण्याचा थेंब नव्हता.

मीठ मुळीच घातले नाही. ते आधी घातले तर भाजी पाणी सोडते. शिवाय मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. हा सॉस सोयाबीन आणि गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवून करतात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची शेतेच्या शेते आहेत, पण ते पीक तेलगिरणीकडे जाते आणि स्वयंपाकघरात परत येते ते बाटलीतून, याची गंमत वाटते. सॉस अगदी शेवटी, कढईच्या कडेने सोडला. भाजलेल्या तिळाचे तेल घरात नव्हते. आपले घाण्याचे तेल कच्च्या तिळांचे असल्यामुळे त्याला तो वास नसतो. म्हणून चमचाभर तीळ खमंग भाजून, खलात भरड करून वरून पेरले.

मुलाचा मात्र हिरमोड झाला, कारण त्याला लालभडक गोबी मंचुरियन हवे होते. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये त्या पदार्थातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली तेव्हापासून मी गाड्यावरचे आणणे बंद केले आहे. त्याला शब्द दिला आहे की पुढच्या रविवारी फ्लॉवर आणीन आणि रंगासाठी ब्याडगी मिरच्या भिजवून वाटीन. ब्याडगी रंग भरपूर देते आणि तिखटपणा बेताचाच. तिथे संकेश्वरी वापरली, तर पोराच्या डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय राहणार नाही.

दुसरा घाणा कढईत असताना फोन वाजला म्हणून मी क्षणभर बाहेर गेले. परत आले तेव्हा सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पाण्याने भरलेली ताटली होती. ‘झाकण ठेवायचं विसरलीस की गं,’ त्या म्हणाल्या.