आषाढीची रेघ

गोव्यातल्या साखळीहून निघालेली आमची दिंडी केरी गाव मागं टाकून चोर्ला घाटाला लागली, तेव्हा टाळांपेक्षा रेनकोटांवर पडणाऱ्या पावसाचाच आवाज मोठा होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा पायी पंढरपूरला चाललो होतो. खरं तर ही वाट बाबांनी चालायची होती.

बाबा माळकरी. दर आषाढीला पहाटे उठून विठ्ठलापूरला, वाळवंटी नदीकाठच्या देवळात चालत जायचे आणि दुपारी परत शेतात. गोव्यात आषाढी ऐन लावणीत येते. भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडायला लागलेला असतो, शेजाऱ्याचे बैल आज मिळाले तर आज. अशा वेळी पंधरा-वीस दिवस जाणार कसं? आणि घरात आम्ही नऊ भावंडं, पाच बहिणी नि चार भाऊ.

जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. 1976 साली कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणारा मालक ठरला, पण तोपर्यंत खंड घालून जे भात उरेल तेच आमचं. बियाण्याचा मुडा, पेंढ्यात बांधलेला, माळ्यावर, त्याला हात लावायचा नाही. बाकीचं भात कुडवाच्या मापानं मोजून कणगीत, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टोपलीत. कणगीच्या आतल्या अंगाला बाबांनी कोळशानं रेघा ओढल्या होत्या: वरची संक्रांतीची, मग शिगम्याची, मग अक्षय्य तृतीयेची आणि तळाशी आषाढीची. रेघ त्या सणाआधी उघडी पडली, तर आई दुसऱ्या दिवसापासून पेज पातळ करायची. बाबा म्हणायचे, "आषाढीची रेघ आषाढीपर्यंत झाकलेली राहू दे, त्या वर्षी मी चाललोच पंढरीला."

थोरली ताई सांगते, ती रेघ वटपौर्णिमेलाच दिसायची.

जांबोटीच्या मुक्कामात माझ्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. पाय टेकवेना. दिंडीतल्या एका म्हातारीनं कुणाच्या तरी कुंपणाची मेंदी ओरबाडून आणली, दगडावर ठेचली आणि म्हणाली, "माउली, पाय द्या इकडं." मी संकोचलो. तिनं पाय ओढूनच घेतला. तो हिरवा, ओला, उग्र वास आला आणि मी थेट आमच्या ओसरीवर पोचलो. लावणीच्या दिवसांत बाबांच्या पायांना रात्री मेंदी लावायचं काम आम्हा मुलांचं. पाय दोन, मुलं नऊ, त्यामुळे पाळ्या ठरलेल्या. टाचेच्या भेगेत बोटाचं पेर जायचं. बेचक्यात पाला भरताना बाबा दातांवर दात दाबून गप्प बसायचे. फार झोंबलं की मोठ्यानं "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचे, आणि धाकटी घाबरून हात मागं घ्यायची. श्रावणात गावातल्या बायकांचे हात रंगायचे, आमच्या घरी बाबांचे तळवे.

बेळगावच्या पुढं माती काळी झाली. चालता चालता सोबतच्या एका बुवांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, सावता माळीही कधी पंढरीला गेले नाहीत, त्यांचा विठ्ठल मळ्यातच होता, तसेच तुमचे वडील. प्रेमानंच म्हणाले. पण मला ते पटलं नाही. बाबांना जायचं होतं. दर वर्षी दिंडी गावावरून जाताना ते चिखलाच्या पायांनी बांधावर येऊन उभे राहायचे, शेवटचा पताकावाला वळणाआड जाईपर्यंत. मळ्यात समाधान मानणारा माणूस असा उभा राहत नाही. आमच्यासाठी ते गेले नाहीत, एवढंच खरं आहे, आणि ते तसंच सांगायला हवं.

पुढं भाऊ नोकरीला लागले, रेघ झाकलेली राहू लागली. तोवर बाबांचे गुडघे गेले होते. पाच वर्षांपूर्वी ते गेले.

पंढरपूरहून कुणी परतलं की बाबा बुक्का कपाळाला लावून पहिला प्रश्न विचारायचे, "तिकडं पाऊस कसा आहे?" मग माती कसली, पेरलंय काय, बैल कसे. दर्शनाचं नंतर. म्हणून मी वाटभर शेतंच बघत गेलो. वाळपईत पावसानं शंभर इंच गाठले की आमच्याकडे पेपरात शतक म्हणून छापून येतं, आणि सांगोल्याच्या बाजूला वर्षाकाठी जेमतेम वीस-बावीस इंच. तिथं डाळिंबाच्या बागेशी आम्ही टेकलो. मालकानं तांब्याभर पाणी दिलं. मी विचारलं, "पाऊस कसा आहे?" त्यानं आभाळाकडं बघत मान हलवली. "एक झड आली. बाजरी पेरून बसलोय."

एकादशीला मुखदर्शन घेतलं. गर्दीत क्षणभरच दिसला. बाहेर येऊन दादाला फोन लावला. पलीकडून पावसाचा आवाज येत होता, तो शेतातच होता.

"लावणी संपली?"

"वरचा कुणगा राहिलाय. राखून ठेवलाय तुझ्यासाठी," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "तिकडं पाऊस कसा आहे?"