नेहमीसारखे?

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, हे मला वयाच्या ३८व्या वर्षी कळलं. भोवरे जन्मापासूनच असणार. पण गेली १४ वर्षं एकच माणूस त्यांचा परस्पर बंदोबस्त करत होता, त्यामुळे तक्रार माझ्यापर्यंत कधी आलीच नाही. जुन्या शहरात महिन्यातून एकदा मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचो. तो अंगावर कापड टाकायचा, मानेशी गाठ मारायचा आणि विचारायचा, 'नेहमीसारखे?' मी 'हं' म्हणायचो. १४ वर्षांत केस या विषयावर आमचं झालेलं संभाषण एवढंच. बाकी वेळ तो जगाबद्दल बोलायचा आणि मी पेंगायचो.

नव्या शहरातल्या कारागिराने कापड टाकलं, गाठ मारली आणि विचारलं, 'कसे कापू?'

मी आरशात बघत राहिलो. मग 'बारीक करा' म्हणालो. 'किती बारीक?' मी अंगठा आणि तर्जनीत थोडं अंतर धरून दाखवलं. एवढे कापायचे की एवढे ठेवायचे, हे मी बोललो नाही आणि त्यानेही विचारलं नाही. 'बाजूला मशीन का कात्री? किती नंबर? कल्ले ठेवायचे का उडवायचे? भांग कुठून?' शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला डोळे मिटून, हातात कंगवा असल्यासारखा हात हवेत फिरवावा लागला. रोज सकाळी पाडतो तो भांग, आणि डावा की उजवा ते सांगता येत नव्हतं. घरी आलो तर मागे दोन तुरे ताठ उभे. बायकोने मोबाइलवर फोटो काढून दाखवला आणि मला माझ्या भोवऱ्यांचं प्रथमदर्शन घडलं.

'हे आधीपासून होते?' तिने विचारलं. लग्नाला ९ वर्षं झाली होती.

तिच्या नोकरीसाठी आम्ही इथे आलो. कोणी मला ओढून आणलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. एका रविवारी कागदावर मधोमध रेघ मारून आम्ही दोन रकाने पाडले. तिच्या रकान्यात वरची जागा, बरा पगार आणि तिला कित्येक वर्षं करायचं होतं ते काम. माझ्या रकान्यात एकच ओळ : 'लॅपटॉपवरचं काम, कुठूनही होतं.' ही ओळ मीच लिहिली, माझ्याच अक्षरात, आणि वर कौतुकाने अधोरेखित केली. बेरीज झाली, घर फायद्यात होतं. आपण किती समंजस, असं दोघांनाही वाटलं. पुढे कळलं की जेकब मिन्सर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ सालीच हा हिशेब रीतसर मांडून ठेवला आहे. सगळं कुटुंब एकच धरायचं. एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा भरला की बिऱ्हाड हलतं. ज्याला स्वतःपुरतं पाहिलं तर जागचं हलायचं काहीच कारण नव्हतं आणि तरी जो निघतो, त्याला मिन्सरने 'टाइड मूव्हर' म्हटलं. म्हणजे बांधून नेलेला. ऐकल्यावर गळ्यात दावं असल्यासारखं वाटतं, पण हिशेबात खोट काढता येत नाही. आमचाही बरोबरच होता. फक्त त्या कागदाच्या कुठल्याच रकान्यात केस कापणारा नव्हता.

पहिल्या सोमवारी तिला ऑफिसने गळ्यात घालायला फोटोचं कार्ड दिलं, बसायला टेबल दिलं, सोबत जेवायला चार माणसं दिली आणि पाण्याचं मशीन कुठे आहे ते दाखवायला एक माणूस वेगळा दिला. मला घराच्या किल्ल्या मिळाल्या. तीन होत्या. त्यातली एक कशाची, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

ती गेली की घर माझं. लॅपटॉप उघडायचा, जुन्याच लोकांशी जुनंच काम करायचं. खिडकीबाहेर नवं शहर आपल्या उद्योगाला लागलेलं असे. त्याचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. दुपारी पार्सलवाल्याने दारात नाव विचारलं तर घसा खाकरून सांगावं लागे, कारण सकाळपासून आवाज वापरलेलाच नसे. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका पुढे आणि मी त्याच्या मागे. ठिपका वळला की मी वळायचो. दोन महिने मी शहर पाहिलंच नाही, ठिपका पाहिला.

'सुरुवातीला मजा येते, मग थोडं जड जातं, मग होते सवय,' असं फोनवर सगळे सांगायचे. हे शहाणपण कुठून आलं असेल? स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांकडे पाहून हा आलेख मांडला होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले मजेत, ६ ते १८ महिने राहिलेले खट्टू, त्याहून जास्त राहिलेले पुन्हा मजेत. इंग्रजी यू अक्षरासारखा आकार. मी माझ्या यूची डावी बाजू बरीच शोधली. मला थेट तळच लागला होता. मग उलगडा झाला, की ती सगळी मंडळी स्वतःच्या शिष्यवृत्तीवर गेलेली होती. त्यांच्यातल्या कोणाच्या पाठोपाठ कोणी गेलं असेल, तर त्या माणसाचं अक्षर वेगळं निघालं असतं असा माझा दाट संशय आहे.

मागाहून आलेल्या माणसाला शहर सेकंडहँड मिळतं. मला कळायच्या सगळ्या गोष्टी तिच्याकडून कळत : कुठला रस्ता संध्याकाळी तुंबतो, कुठला पूल बंद आहे, इथले लोक 'बघू' म्हणाले की त्याचा अर्थ 'नाही' असतो. तिच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात मला सगळ्यांपुढे उभं केलं गेलं ते 'हे तिचे मिस्टर' म्हणून. तासाभरात ११ जणांशी हस्तांदोलन झालं आणि एकालाही माझं नाव लागलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे फॉर्म भरताना 'आणीबाणीत संपर्क' असे दोन रकाने होते. पहिल्यात तिचा नंबर लिहिला. दुसऱ्यात भावाचा लिहू लागलो तर टेबलामागची मुलगी म्हणाली, 'इथलं कोणी द्या ना, लगेच येऊ शकेल असं.' दोऱ्याने बांधलेलं पेन हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी दुसऱ्या रकान्यात तिच्या ऑफिसचा नंबर लिहिला. मुलीने काही म्हटलं नाही. चांगली मुलगी होती.

या सगळ्याची तक्रार करणार कोणाकडे? तिथेच तर गोम आहे. एरवी शहराला शिव्या द्यायच्या तर त्या बायकोजवळच द्यायच्या, पण इथे शहर तिचं होतं. मी म्हणायचो, 'काय पाऊस आहे हा!' आणि ती म्हणायची, 'यंदाच जास्त आहे म्हणतात.' जणू पाऊस तिने मंजूर केला होता. बस उशिरा आली तरी ती ओशाळायची. हळूहळू ती शहराची वकील झाली आणि मी फिर्यादी, आणि रोज संध्याकाळी घरात सुनावणी. माझ्याकडे हुकमाचं पान होतं : 'तुझ्यासाठी आलो.' हे दोन शब्द मी महिनोन्महिने खिशात जपून ठेवले होते, एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी. वापरले ते ओल्या टॉवेलवरून. टॉवेल पलंगावर का टाकलास, असं ती म्हणाली, आणि मी ते पान फेकलं. एवढं मोठं पान आणि डाव टॉवेलचा! ती काही बोलली नाही. टॉवेल उचलून दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग दुसरा चिमटा लावला, ज्याची काही गरज नव्हती.

त्या रात्री दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'मलाही हे शहर आवडत नाहीये.'

मी अंधारात उठून बसलो.

तिला जेवताना ती चार माणसं कंटाळवाणी वाटत होती. काम तेच होतं, पण वरचा माणूस खडूस निघाला होता. जुन्या घराच्या जिन्याची आठवण येऊन तिला एकदा ऑफिसच्या स्वच्छतागृहात रडू आलं होतं. जिन्याची! आणि यातलं एक अक्षर ती घरात बोलू शकत नव्हती, कारण ज्याला आपण इथे आणलं त्याच्यासमोर 'मला इथे करमत नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मला निदान तक्रार करायची सोय होती. तिला तीही नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून शहराची यथेच्छ निंदा केली. रस्ते, पाऊस, पूल, 'बघू', तिसरी किल्ली, काहीही सोडलं नाही. रात्रीचे दोन वाजले. या शहरात मला गाढ झोप लागली ती त्या रात्री.

करमत मात्र दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आपलं नक्की हरवलंय काय, याचा मी मनाशी शोध घेऊ लागलो. जिवाभावाचे मित्र तर हरवले नव्हते. ते फोनवर होते, उलट आता जास्त बोलत होते. हरवली होती ती दुसरीच माणसं. जिन्यात भेटल्यावर 'काय, उशीर आज?' म्हणणारा खालच्या मजल्यावरचा माणूस. मी न मागता पावती फाडून टाकणारा काउंटरवरचा माणूस. ज्याचं नाव मला ठाऊक नाही, पण ज्याच्या कुत्र्याचं ठाऊक आहे, असा एक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा नात्यांना 'वीक टाइज' म्हटलं. कच्चे धागे म्हणू. त्याचं म्हणणं, नोकरीची खबर बहुधा जवळच्या मित्राकडून येत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येते. कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. मला नोकरी नको होती. पण कच्च्या धाग्यांकडून आणखी एक मिळतं, जे बायको कितीही जीव लावत असली तरी देऊ शकत नाही : आपण इथले नेहमीचे आहोत, ही खबर.

बरं, हे 'नेहमीचं' व्हायला लागतं किती? जेफ्री हॉल या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने २०१८ साली याचे तास मोजले, आणि मोजले तेही नुकतंच गाव बदललेल्या माणसांचे आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांचे. ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, बऱ्यापैकी मैत्रीला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. मी लगेच कारागिराचा हिशेब मांडला. महिन्याला एक कटिंग, २० मिनिटांची. म्हणजे जुजबी मैत्रीला १५० कटिंगं, साडेबारा वर्षं. जिवलग व्हायला ६०० कटिंगं, म्हणजे ५० वर्षं. तेव्हा मी ८८ वर्षांचा असेन आणि कापायला काय उरलं असेल ते भोवऱ्यांनाच ठाऊक. शिवाय हॉलच्या मते नुसतं शेजारी बसून काम केलेले तास फारसे धरायचे नसतात. पेंगलेले तास धरतात का, ते कोण जाणे.

तरी मी त्याच खुर्चीकडे जात राहिलो. दर वेळी 'कसे कापू?' आणि दर वेळी मी थोडं बरं उत्तर द्यायचो. तिसऱ्या वेळी 'बाजूला कात्री' म्हणता आलं. पाचव्या वेळी 'मागे दोन भोवरे आहेत, सांभाळून' असं मी इतक्या सराईतपणे म्हणालो, की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

आठव्या वेळी शनिवारची गर्दी होती. बाकावर चार जण, रेडिओ चालू, पंखा कुरकुरत होता. माझा नंबर आला. त्याने कापड झटकून अंगावर टाकलं, मानेशी गाठ मारली, पाण्याचा फवारा उचलला आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, 'नेहमीसारखे?'

माझ्या तोंडून 'हं' इतक्या आतून निघालं की शेजारच्या खुर्चीतल्याने वळून पाहिलं. मी डोळे मिटले. कात्री चालू झाली. ती कुठे चालली आहे याकडे मी मुळीच लक्ष दिलं नाही.

'मुलाचा गुडघा काय म्हणतो?' थोड्या वेळाने त्याने विचारलं.

आम्हाला मूल नाही. मी डोळे उघडले. भांग उजवीकडे गेला होता, एक कल्ला उडाला होता आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर होता. मशीन बाजूने पार वरपर्यंत फिरलं होतं. या शहरात माझ्यासारखा दिसणारा एक माणूस राहतो, त्याला खेळताना पडलेला मुलगा आहे, आणि तो केस असे ठेवतो. माझ्या डोक्यावर त्याचं 'नेहमीसारखे' जवळजवळ पूर्ण होत आलं होतं.

'बरा आहे,' मी म्हणालो.

'पट्टी बांधतो अजून?'

'चालताना बांधतो.'

'बांधू दे. घाई नका करू,' तो म्हणाला आणि दुसरा कल्ला उडवला.

घरी बायकोने दार उघडलं आणि दारातच थबकली. 'हे कोणाचे केस आहेत?' मी सगळं सांगितलं. ती जिन्यातच पायरीवर बसून हसत सुटली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग डोळे पुसत ती म्हणाली, 'पण पुढच्या महिन्यात तो परत विचारणार, तेव्हा?'

रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवून टाकलं. पट्टी सुटलेली असेल, पण पळायला अजून परवानगी नसेल.